०.००१३ हा आकडा आला कुठून? ओपन सोर्स डॉक्युमेंटेशन आणि मूळ संशोधनाचं श्रेय

ठिबकवाली

मंडळी, गेले काही महिने एक गोष्ट मनात ठसठसते आहे, ती आज सविस्तर लिहिते. इथे ओपन सोर्सवर काम करणारे बरेच जण आहेत, शेतीतलेही आहेत. दोघांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

सोलापूर जिल्ह्यात आमची डाळिंबाची बाग आहे. भाऊ शेती बघतो, मी पुण्यात नोकरी करते आणि रात्री जमेल तसा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प सांभाळते, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-वापरता येतो असा. त्या दिवसाचं तापमान दिलं की जमीन आणि झाडं मिळून किती पाणी हवेत सोडतील, म्हणजे बाष्पोत्सर्जन किती, हे तो काढून देतो. त्यावरून ठिबक किती वेळ चालवायचं ते ठरतं.

यासाठी सगळ्यात भरवशाचं सूत्र पेनमन-माँटीथ. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला त्याचा पाया घातला, जॉन माँटीथ यांनी १९६५ साली ते पुढे नेलं, आणि १९९८ साली एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत (एफएओ-५६) ते जगभरासाठी प्रमाण म्हणून आलं. पण त्याला तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्याची ऊर्जा, चारही लागतात. आमच्या वस्तीवर आहे कमाल-किमान तापमापक, बस. अशा ठिकाणी हारग्रीव्ह्ज आणि सामानी यांचं १९८५ चं सूत्र कामाला येतं, कारण त्याला मोजमाप म्हणून फक्त तापमान लागतं. सूर्याची वातावरणाबाहेरची ऊर्जा अक्षांश आणि तारखेवरून काढता येते.

मी ते फंक्शन एका जुन्या पॅकेजातून घेतलं होतं. लायसन्स खुलं होतं, मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ मी जशीच्या तशी ठेवली. फंक्शनमधली ओळ अशी होती:

०.००१३ × ०.४०८ × आरए × (टी + १७.०) × (टीडी − ०.०१२३ × पी)^०.७६

आरए म्हणजे सूर्याची वातावरणाबाहेरची ऊर्जा, टी सरासरी तापमान, टीडी कमाल-किमानातला फरक, पी पाऊस. वर कॉमेंट एका शब्दाची: हारग्रीव्ह्ज.

आता इतर कुठल्याही पॅकेजात बघा, हारग्रीव्ह्जच्या सूत्रात ०.००२३ असतं. मला वाटलं टंकताना १ आणि २ ची गल्लत झाली. एप्रिलमध्ये मी ०.००१३ चं ०.००२३ केलं आणि कमिटच्या (बदल नोंदवतानाच्या) संदेशात लिहिलं, ‘टायपो दुरुस्त’.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन. ‘ताई, तुझा आकडा रोज पंधरा मिलिमीटर दाखवतोय. एवढं पाणी तर तळ्यातूनही उडत नाही गं.’

त्याचं बरोबर होतं. कमाल ४२, किमान २६, आरए ३९ मेगाज्यूल धरून मी वहीत हिशेब मांडला. मूळ ०.००१३ ने ८.७ मिमी येतात, माझ्या ‘दुरुस्ती’नंतर १५.४. एकरात मोजायचं तर रोज पस्तीस हजार लिटरच्या जागी बासष्ट हजार. भाऊ डोळे झाकून त्यावर गेला नाही म्हणून निभावलं. एवढं पाणी सोडलं असतं तर विहीर आटली असती आणि बागेत मर आली असती.

मग तीन संध्याकाळी शोधण्यात गेल्या. शेवटी सापडलं. ते १९८५ चं सूत्र नव्हतंच. ड्रूगर्स आणि अ‍ॅलन यांनी २००२ साली त्याचं एक सुधारित रूप मांडलं, त्यात पावसाचाही हिशेब घेतला. तिथे गुणक ०.००१३, तापमानात मिळवायचे १७.०, घात ०.७६. आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, एकच बदलला की सगळं सूत्र मोडतं. आणि पेपर वाचताना दुसरी चूक सापडली, ती माझीच. त्यातला ‘पी’ म्हणजे महिन्याचा पाऊस. मी रोजचा पाऊस देत होते. म्हणजे टायपो दुरुस्त करण्याच्या आधीपासून माझं फंक्शन पावसाळ्यात चुकत होतं आणि कुणालाही, मलाही, पत्ता नव्हता.

त्या पॅकेजात एक ओळ असती, ‘ड्रूगर्स आणि अ‍ॅलन, २००२, पी मासिक’, तर यातलं काहीच घडलं नसतं.

या निमित्ताने १९८५ चं सूत्रही पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात तापमानात १७.८ मिळवतात. का बरं १७.८? मी इतकी वर्षं तो आकडा वापरला आणि कधी विचारलं नाही. मूळ काम फॅरनहाइटमध्ये झालेलं. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सियस. सेल्सियसमध्ये आणताना तो तिथे येऊन बसला. आणि ०.००२३ मागे आहेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या आठ वर्षांच्या नोंदी. गवत लावलेल्या, जमिनीत पुरलेल्या पेट्यांमधून किती पाणी कमी झालं याच्या. कुणीतरी आठ वर्षं ते गवत राखलं, मोजलं, लिहून ठेवलं. माझ्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती. मला याची मनापासून लाज वाटली.

तर विचारायचं हे: तुम्ही तुमच्या प्रकल्पांत मूळ संशोधनाचा उल्लेख करता का? कुठे करता? कुठपर्यंत मागे जाता?

रात्रपाळी

अनुभव वाचून हललो. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो, कारण आमच्या टीममध्ये हाच वाद होतो.

लायसन्स पाळलं की आपली जबाबदारी संपते, असं मी आजवर मानत आलो. सूत्रावर कॉपीराइट नसतो. पायथागोरसचं नाव प्रत्येक फाइलमध्ये कोण लिहितं? आणि श्रेयाची सक्ती केली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच क्षेत्रात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जुन्या बीएसडी लायसन्समध्ये कलम होतं की जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केलात तर अमुक वाक्य छापलंच पाहिजे. प्रत्येकाने आपापल्या संस्थेचं नाव घालून ते कलम उचललं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९७ च्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्यं मोजली होती. शेवटी विद्यापीठाने १९९९ साली ते कलम मागे घेतलं. मला भीती ही की डॉक्युमेंटेशन म्हणजे आभारप्रदर्शन होऊन बसेल आणि वाचणाऱ्याला फंक्शन कसं वापरायचं तेच सापडणार नाही.

ठिबकवाली

@रात्रपाळी, शंका रास्त आहे. पण लायसन्स ज्याने कोड टंकला त्याला जपतं. हारग्रीव्ह्ज-सामानींनी माझ्या रेपोत (कोडच्या साठ्यात) एकही ओळ टंकलेली नाही, त्यामुळे कुठलंही लायसन्स त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तिथे फक्त आपली सवय उपयोगी पडते.

आणि ती ७५ वाक्यं जाहिरातीत छापायची होती, जिथे वाचणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. मी म्हणते ती ओळ त्या फंक्शनच्या डोक्यावर, जिथे आकडा आहे तिथेच. पायथागोरस नको, मान्य. माझा नियम साधा आहे: आकडा बघून वाचणाऱ्याला ‘हा कुठून आला?’ असा प्रश्न पडणार असेल, तर तिथे उत्तर हवं.

आकडेमोड

संदर्भ दिल्यामुळे चूक सापडल्याचं एक उदाहरण सांगतो. डेटा सायन्स शिकलेल्या प्रत्येकाने ते हाताळलेलं आहे.

आयरिसच्या फुलांचा डेटा. दीडशे फुलं, तीन जाती, प्रत्येकाची चार मापं. १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी पेपरात वापरला म्हणून सगळे ‘फिशरचा डेटा’ म्हणतात. पण फुलं मोजली होती वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी, आणि त्यातली बरीचशी क्यूबेकमधल्या गास्पे द्वीपकल्पावर. संख्याशास्त्रासाठीच्या आर भाषेत मदतीचं पान उघडून बघा, शीर्षकातच ‘एडगर अँडरसन यांचा आयरिस डेटा’ असं आहे आणि खाली अँडरसन यांचा १९३५ चा लेख आणि फिशर यांचा १९३६ चा पेपर, दोन्ही दिलेत. माझ्या मते श्रेय द्यावं तर असं. एकाने मोजलं, दुसऱ्याने वापरलं, आणि दोघांची कामं वेगवेगळी सांगितली.

आता गंमत ऐका. नेटवर सगळ्यात जास्त फिरलेली या डेटाची प्रत यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) संग्रहातली. त्यात ३५वी आणि ३८वी ओळ मूळ पेपरशी जुळत नाही. सायकिट-लर्न या पायथनमधल्या मशीन लर्निंगच्या पॅकेजातही बरीच वर्षं तीच चुकीची प्रत होती. २०१८ साली, ०.२० आवृत्तीत, त्यांनी फिशर यांच्या पेपराशी ताडून ती दुरुस्त केली आणि डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं की आता हा डेटा आरशी जुळतो, यूसीआयशी जुळत नाही. मूळ पेपर कोणता हे माहीत होतं म्हणूनच ताडता आलं.

मी शिकवताना विद्यार्थ्यांना ते पान उघडून दाखवतो. सातशे-आठशे शब्दांचं भाषण देण्यापेक्षा त्या दोन ओळी जास्त काम करतात.

गणितमास्तर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. उदाहरण आपल्या माणसाचं आहे.

नरेंद्र करमरकर हे नाव इथे अनेकांना माहीत असेल. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. १९८४ साली त्यांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत मांडली. कारखान्यात कुठला माल किती काढायचा, विमानं कुठे पाठवायची, असले प्रश्न त्यात येतात. आधीची सिंप्लेक्स पद्धत बहुपैलू आकृतीच्या कडेकडेने, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. करमरकर आतून गेले. आजच्या बहुतेक मोठ्या सॉल्व्हरांमध्ये, म्हणजे असले प्रश्न सोडवणाऱ्या प्रोग्रॅमांमध्ये, ‘इंटिरियर पॉइंट’ म्हणून जी सोय असते, तिला खरी चालना तिथून मिळाली. मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहेच.

पण पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. करमरकरांच्या पद्धतीचं एक सोपं रूप, ‘अ‍ॅफाइन स्केलिंग’, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दोन-तीन गटांनी स्वतंत्रपणे काढलं आणि प्रसिद्ध केलं. नंतर लक्षात आलं की सोव्हिएत रशियात इल्या डिकिन यांनी नेमकी हीच पद्धत १९६७ साली छापली होती, आणि १९७४ साली ती कशी अभिसरते त्याची सिद्धताही दिली होती. रशियन नियतकालिकात छापलेलं, पश्चिमेकडे कुणी वाचलंच नव्हतं. कुणी चोरलं नाही. सगळ्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. तरी जवळजवळ वीस वर्षं एका माणसाचं काम अंधारात राहिलं.

आता बघा, ज्या सॉल्व्हरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फक्त करमरकरांचं नाव असेल, तिथे डिकिन पुन्हा हरवतात. आणि फक्त ‘इंटिरियर पॉइंट’ एवढंच लिहिलं असेल तर दोघेही. मला करमरकरांचं नाव जितकं हवं आहे तितकंच डिकिन यांचंही हवं आहे. आपल्या माणसाचं श्रेय मागायचं आणि दुसऱ्याचं विसरायचं, हे मला जमणार नाही.

तिसरे_वर्ष

मी कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताई, दोन प्रश्न आहेत.

एक, १९८५ चा पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. मग मी न वाचलेल्या पेपरचा संदर्भ कसा देऊ? दुसरं, मी सूत्र एका ब्लॉगवरून घेतलं, ब्लॉगवाल्याने दुसऱ्या कुणाच्या कोडवरून घेतलं. श्रेय कुणाला?

ठिबकवाली

@तिसरे_वर्ष, फार चांगले प्रश्न विचारलेस.

जे वाचलंस तेच ‘वाचलं’ म्हणून लिही. हारग्रीव्ह्ज-सामानींचं सूत्र एफएओ-५६ च्या तिसऱ्या प्रकरणात ५२व्या क्रमांकाचं समीकरण म्हणून आहे, आणि ती पुस्तिका नेटवर फुकट वाचता येते. तर तू लिहायचंस: ‘हारग्रीव्ह्ज आणि सामानी १९८५, एफएओ-५६ समीकरण ५२ वरून’. यात दोघांनाही न्याय मिळतो आणि पुढच्या माणसाला कळतं की तू कुठल्या दारातून आत गेलीस.

का महत्त्वाचं तेही सांगते. एफएओच्या त्या समीकरणात आरए हा मिलिमीटर प्रतिदिन या एककात आहे. बरेच कोड आरए मेगाज्यूलमध्ये काढतात. त्याला ०.४०८ ने गुणायचं राहिलं तर उत्तर जवळजवळ अडीच पट. वरच्याच तापमानाला ७.६ च्या जागी १८.६ मिमी. समीकरणाचा क्रमांक दिला असेल तर एकक तपासायला एक मिनिट लागतं.

ब्लॉगचं म्हणशील तर, ब्लॉगवाल्याचे आभार मान, त्याने तुला शिकवलं. पण तिथे थांबू नकोस. माझी चूक नेमकी तीच होती.

सावंतवाडीकर

आमच्याकडची गोष्ट वेगळी. मी काजू आणि सुपारीसाठी असंच एक ओपन सोर्स साधन वापरून बघितलं, कुठलं ते सांगत नाही. जून ते सप्टेंबर आकडे नेहमी जास्त यायचे. दोन वर्षं मी तापमापकाला दोष देत राहिलो, बदललाही.

मग एका स्नेह्याने एफएओ-५६ मधला परिच्छेद दाखवला. तिथे सरळ लिहिलंय की हारग्रीव्ह्जचं सूत्र दमट हवेत जास्त आकडा देतं आणि वारा सेकंदाला ३ मीटरच्या वर असेल तर कमी. आपापल्या भागासाठी जुळवून घ्या असंही लिहिलंय. डेव्हिसच्या कोरड्या हवेत जुळवलेलं सूत्र कोकणच्या पावसाळ्यात जसंच्या तसं चालेल कसं? पण त्या साधनाच्या पानावर ना सूत्राचं नाव ना गावाचं. नाव असतं तर मी पहिल्याच पावसात शोधलं असतं.

आणखी एक. तापमानावरून सूर्याची ऊर्जा काढायचा जो गुणक आहे, तो त्याच पुस्तिकेत अंतर्भागासाठी ०.१६ आणि किनारपट्टीसाठी ०.१९ दिलाय. त्या साधनात ०.१६ कायमचा ठोकून बसवला होता. कोडमध्ये नुसतं ०.१६ दिसलं तर समुद्राकाठच्या माणसाला कळणार कसं, की आपल्यासाठी वेगळा आकडा लिहून ठेवलाय?

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. इथे मी एम्बेडेड सिस्टिम्समध्ये काम करतो. श्रेय नीट दिलं तर ते किती लांब टिकतं याचं एक उदाहरण माझ्या रोजच्या कामातलं.

गो भाषेच्या गणिताच्या पॅकेजात लॉगरिदमची फाइल उघडा. वरच एक मोठी कॉमेंट दिसेल. मूळ सी कोड, ही लांब टिप्पणी आणि खालचे स्थिरांक फ्रीबीएसडीच्या अमुक फाइलमधून घेतले, आणि सोबत ही सूचना होती, असं लिहून खाली सन मायक्रोसिस्टिम्सची १९९३ ची सूचना जशीच्या तशी. त्या सूचनेची अट एकच: वापरा, बदला, वाटा, पण ही सूचना जपा. त्याखाली पद्धत पायरीपायरीने: आधी संख्या दोनच्या घातात आणि एका छोट्या भागात तोडायची, मग त्या छोट्या भागाचं बहुपदीने उत्तर काढायचं, आणि चूक जास्तीत जास्त किती येईल.

१९९३ साली कुणीतरी ती टिप्पणी लिहिली. सनच्या कोडमधून फ्रीबीएसडीत, तिथून गोमध्ये. सन कंपनी आता उरली नाही. टिप्पणी मात्र तीस वर्षं सोबत आली आहे. मला एकदा एका चिपवर लॉगरिदम अचूक येत नव्हतं. चूक जास्तीत जास्त किती येईल हे त्या टिप्पणीत होतं, त्याच्याशी माझा आकडा ताडला आणि दोष आमच्या कंपायलरच्या एका पर्यायात निघाला. नुसते स्थिरांक असते तर मी त्यांच्यावरच संशय घेतला असता.

याच्या उलट टोक म्हणजे क्वेक ३ खेळातलं ते वर्गमुळाच्या व्यस्ताचं झटपट फंक्शन. २००५ साली कोड खुला झाला, त्यात एक गूढ सोळा-आधारी आकडा आणि शेजारी वैतागलेली कॉमेंट. लोकांनी खेळाचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांना श्रेय दिलं, ते म्हणाले माझं नव्हे. मग माग काढत काढत लोक ऐंशीच्या दशकातल्या आर्डेंट कंप्युटरच्या ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत पोचले. त्या काळी कुणी एक नाव लिहून ठेवलं असतं तर एवढी शोधाशोध करावी लागली नसती.

रात्रपाळी

काल रात्री काम संपल्यावर आमच्या रेपोत बसलो. मोजून अकरा ठिकाणी असे आकडे निघाले ज्यांचा स्रोत मला सांगता येईना. तीन माझे स्वतःचे होते. दोन ठिकाणी मी कॉमेंट केलीय ‘पेपरप्रमाणे’. कुठला पेपर? मलाच आठवत नाही. चार वर्षांपूर्वी तो माझ्या टेबलावर होता.

तेव्हा माझं आधीचं म्हणणं अर्धं मागे घेतो. डॉक्युमेंटेशन फुगण्याची भीती अजून आहे. पण तो पेपर लिहून ठेवला असता तर एक ओळ वाढली असती, एवढंच.

एक तांत्रिक भर. गिटहबवर, म्हणजे जिथे बरेच जण कोड ठेवतात त्या साइटवर, २०२१ पासून सायटेशन डॉट सीएफएफ नावाची फाइल ठेवली की ‘या रेपोचा संदर्भ द्या’ असं बटण दिसतं. अनेकांना वाटतं तेवढं केलं की झालं. पण ते मुख्यतः तुमच्या सॉफ्टवेअरला इतरांनी श्रेय द्यावं म्हणून आहे. तुम्ही ज्यांच्या खांद्यावर उभे आहात त्यांच्यासाठी त्याच फाइलमध्ये संदर्भांचा वेगळा रकाना आहे, तो बहुतेक रिकामाच दिसतो. आणि पायथनमध्ये नम्पाय-पद्धतीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतच लिहायच्या वर्णनात) संदर्भांचा भाग ठरलेलाच आहे, तो फंक्शनजवळ राहतो. मला तो जास्त पटतो. फाइल हलवली तरी सोबत जातो.

गणितमास्तर

@रात्रपाळी, अर्धं का होईना मागे घेतलंत, आनंद वाटला. ‘पेपरप्रमाणे’ वाचून मला माझ्या जुन्या नोट्स आठवल्या. तिथे ‘सरांनी सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं सापडतं. सर आता नाहीत.

आकडेमोड

एक सूचना. स्रोत सापडत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. ‘स्रोत अज्ञात, अमुक तारखेला शोधला, सापडला नाही.’ कुणीतरी वाचून सांगेल. खोटा किंवा अंदाजाने दिलेला संदर्भ मात्र कधीच नको. तो एकदा छापला की पुढचे दहा जण तपासल्याशिवाय उतरवतात.

ठिबकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत मी फंक्शन परत लिहिलं. आता दोन वेगळी फंक्शनं आहेत, १९८५ चं आणि २००२ चं, कारण ती दोन वेगळी कामं आहेत. २००२ च्या डोक्यावर आता असं आहे:

‘ड्रूगर्स आणि अ‍ॅलन (२००२) यांचं सुधारित हारग्रीव्ह्ज सूत्र. पी हा महिन्याचा एकूण पाऊस, मिमीमध्ये; रोजचा पाऊस देऊ नये. आरए मेगाज्यूलमध्ये घेतला आहे, ०.४०८ ने तो मिमी प्रतिदिन होतो. ०.००१३, १७.०, ०.०१२३ आणि ०.७६ हे चारही एकत्र ठरवलेले आकडे आहेत, एकटा बदलू नये.’

१९८५ च्या डोक्यावर एफएओ-५६ चा समीकरण क्रमांक, डेव्हिसचं नाव, आणि @सावंतवाडीकर यांनी सांगितलेली दमट हवेची आणि वाऱ्याची सूचना. बाष्पदाबाच्या सूत्रातले ०.६१०८, १७.२७ आणि २३७.३ टेटेन्स यांच्या १९३० च्या कामाशी जोडले. ज्या जुन्या पॅकेजातून मी कोड घेतला होता, तिथेही संदर्भाची ओळ घालणारी पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवली आहे. अजून कुणी बघितलेली नाही.

एक आकडा मात्र अडला आहे. बाष्पीभवन पात्रावरून (उघड्या भांड्यातलं किती पाणी उडालं त्यावरून) बाष्पोत्सर्जन काढायच्या माझ्या फंक्शनमध्ये गुणक ०.७ आहे, सरसकट. एफएओ-५६ मध्ये तर तो पात्र कुठे ठेवलंय, वारा किती, हवा किती दमट यावरून ०.३५ पासून ०.८५ पर्यंत बदलतो. माझा ०.७ कुठल्या परिस्थितीचा आहे हे मला सांगता येत नाही. @आकडेमोड म्हणाले तसं ‘स्रोत सापडलेला नाही’ असं लिहून ठेवलंय.

तिसरे_वर्ष

ताई, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एफएओच्याच २४ क्रमांकाच्या पुस्तिकेची छापील प्रत आहे, डोरेनबोस आणि प्रुइट यांची १९७७ ची. सिंचनाच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर. त्यात पात्राच्या गुणकांचा तक्ता आहे, हिरवळीवर ठेवलेलं पात्र आणि उघड्या जमिनीवर ठेवलेलं पात्र, दोन्हींसाठी वेगळा. सोमवारी लायब्ररी उघडली की ०.७ कुठल्या रकान्यात बसतो ते बघते आणि पान क्रमांकासकट इथे लिहिते.